वृत्तविद्येचा शिक्षक: नेमणुकीचा प्रश्न



वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, निविदा आणि हरवलेल्या कागदपत्रांच्या सूचना यांच्या शेजारी, विद्यापीठाची एखादी जाहिरात अधूनमधून छापून येते. विभागाचे नाव, पदांची संख्या, आरक्षणाचा प्रवर्ग, पात्रता आणि अर्जाची अंतिम तारीख एवढाच तिचा ऐवज असतो. विभाग संज्ञापन आणि वृत्तविद्येचा असला तर पदांची संख्या बहुधा एक किंवा दोन असते. वाचकांपैकी फार थोड्यांना या जाहिरातीशी कर्तव्य असते. विद्यापीठाच्या कारभारातील ती एक किरकोळ बाब आहे असेच सर्वांना वाटते.

वस्तुतः ती तशी नाही. त्या एका पदावर बसणारा माणूस पंचवीस-तीस वर्षे दरसाल तीस-चाळीस तरुणांना बातमी म्हणजे काय हे सांगणार असतो. कोणाला प्रश्न विचारावा, कोणाच्या उत्तरावर विश्वास ठेवावा, कोणाच्या दारी आपण होऊन जावे आणि कोणाच्या दारातून निमूटपणे परत येऊ नये, याचे पहिले संस्कार त्याच्या वर्गात होतात. हे तरुण पुढे जिल्ह्याजिल्ह्यांतल्या कचेऱ्यांत, आकाशवाणीवर, दूरचित्रवाणीवर आणि आता भ्रमणध्वनीच्या पडद्यावर समाजाचे डोळे आणि कान होतात. म्हणून या पदावर कोणाची नेमणूक होते, कोणत्या निकषांवर होते आणि कोणत्या अटींवर होते, हा सार्वजनिक प्रश्न आहे.

महाराष्ट्राला या प्रश्नाचा एक जुना इतिहास आहे. या भूमीत शिक्षक आणि संपादक हे दोन व्यवसाय प्रारंभी वेगळे नव्हतेच. ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ काढणारे बाळशास्त्री जांभेकर हे एल्फिन्स्टन संस्थेतील अध्यापकही होते. १८८० साली न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाले आणि त्याच मंडळींनी पुढच्याच वर्षी ‘केसरी’ आणि ‘मराठा’ काढले. १८८८ मध्ये आगरकरांनी ‘सुधारक’ सुरू केला. पुढे ते फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य झाले आणि १८९५ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या पदावर राहिले. पुण्यातील सनातन्यांचा सारा रोष ओढवून घेणारा हा संपादक रोज सकाळी वर्गावर जाऊ शकत होता, कारण ज्या संस्थेत तो शिकवीत होता त्या संस्थेच्या आजीव सदस्यांपैकी तो एक होता. त्याचे मत आवडले नाही म्हणून त्याला उद्यापासून येऊ नका असे सांगणारा मालक तेथे नव्हता.

याच्या शेजारी दुसरे एक उदाहरण ठेवून पाहावे. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’चा पहिला अंक निघाला. त्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईच्या सिडनहॅम या सरकारी महाविद्यालयात प्राध्यापक होते. पत्र त्यांचे, विचार त्यांचे, लेखणीही त्यांचीच. पण संपादक म्हणून नाव होते पांडुरंग नंदराम भटकर यांचे. सरकारी नोकरीत असलेल्या प्राध्यापकाला आपले नाव पडद्याआड ठेवावे लागले. नोकरीच्या अटी माणसाच्या वाणीला कशा आकार देतात, हे या दोन उदाहरणांतून स्पष्ट होते.

पुढे पत्रकारितेचे रीतसर शिक्षण सुरू झाले. १९४१ मध्ये लाहोरला पंजाब विद्यापीठात वृत्तविद्येचा विभाग निघाला. स्वातंत्र्यानंतरच्या दशकात नागपूर आणि हैदराबाद येथे अभ्यासक्रम सुरू झाले. १९६४ मध्ये पुणे विद्यापीठाचा विभाग निघाला आणि १९६५ मध्ये दिल्लीत भारतीय जनसंचार संस्था स्थापन झाली. या पहिल्या पिढीचे शिक्षक बहुधा वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांतून आलेले होते. त्यांना बातमी लिहिता येत होती आणि दुसऱ्याची बातमी दुरुस्त करता येत होती. शिकवण्याची त्यांची पद्धत उस्तादाची होती: आधी करून दाखवायचे, मग करून घ्यायचे.

त्यानंतर विभागांच्या नावांत ‘वृत्तविद्या’ या शब्दाशेजारी ‘संज्ञापन’ हा शब्द येऊन बसला. हा केवळ पाटी बदलण्याचा प्रकार नव्हता. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत विल्बर श्रॅम यांच्यासारख्या अभ्यासकांनी संज्ञापन हे समाजशास्त्राचे स्वतंत्र क्षेत्र म्हणून उभे केले. भारतात त्याची गरज एका मोठ्या प्रयोगाने पटवून दिली. १९७५-७६ या वर्षात उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत दूरचित्रवाणीचे शैक्षणिक कार्यक्रम पोचविण्यात आले. कार्यक्रम पोचला म्हणजे संदेश पोचला का, संच ज्याच्या ताब्यात आहे त्याच्या अंगणात दलित वस्तीतली बाई येऊन बसते का, हे प्रश्न बातमी लिहिण्याच्या कौशल्याने सुटणारे नव्हते. त्यासाठी समाजशास्त्रज्ञ आणि मानववंशशास्त्रज्ञ यांना खेड्यांत जाऊन राहावे लागले. तेव्हापासून संज्ञापन विभागाला दोन प्रकारच्या ज्ञानाची गरज आहे हे निर्विवाद ठरले. एक बातमीदाराचे ज्ञान आणि दुसरे अभ्यासकाचे. यांपैकी एकाने दुसऱ्याला अडाणी म्हणावे आणि दुसऱ्याने पहिल्याला पुस्तकी म्हणावे, असा कलह विभागांत वर्षानुवर्षे चालत आला आहे. या कलहात दोघांचेही थोडे खरे आहे.

आता प्रचलित नियम काय सांगतात ते पाहू. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत विद्यापीठातील सहायक प्राध्यापकाच्या मुलाखतीसाठी उमेदवारांची छाननी करण्याचे एक कोष्टक दिले आहे. एकूण गुण १००. त्यांत पदवीला कमाल १५, पदव्युत्तर पदवीला २५, पीएच.डी.ला ३०, राष्ट्रीय पात्रता परीक्षा शिष्यवृत्तीसह उत्तीर्ण झाल्यास ७, संशोधनपर लेखांना १०, अध्यापनाच्या अनुभवाला १० आणि पुरस्कारांना ३. हे कोष्टक सर्व विषयांना सारखेच लागू आहे. रसायनशास्त्राच्या उमेदवाराला ज्या फुटपट्टीने मोजायचे त्याच फुटपट्टीने वृत्तविद्येच्या उमेदवारालाही मोजायचे.

एक कल्पित उदाहरण घ्यावे. यवतमाळ जिल्ह्यात वीस वर्षे बातमीदारी केलेली एक बाई या पदासाठी अर्ज करते. कापसाच्या भावापासून सावकाराच्या वहीपर्यंत सारे तिने जवळून पाहिलेले आहे. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या घरी कसे जावे, काय विचारावे आणि काय विचारू नये, हे तिला ठाऊक आहे. तिच्या बातमीमुळे एखाद्या तहसील कचेरीतील नोंदी बदललेल्या आहेत. तिने पदव्युत्तर पदवी घेतली आहे आणि पात्रता परीक्षाही दिली आहे. या कोष्टकात तिच्या वीस वर्षांना रकाना कोणता? संशोधनपर लेखांचा नाही, कारण बातमी हा संशोधनपर लेख मानला जात नाही. अध्यापनाच्या अनुभवाचा नाही, कारण ती वर्गावर नव्हती, बांधावर होती. उरले पुरस्कारांचे ३ गुण, तेही पुरस्कार मिळाला असेल तर. वीस वर्षांची किंमत शून्य ठरते. एकही बातमी न लिहिलेला उमेदवार तिच्यापुढे तीस-चाळीस गुणांनी सहज निघून जातो.

येथे एक विसंगती नजरेस आणणे अगत्याचे आहे. याच नियमावलीत संगीत, नाट्य आणि दृश्यकला या विषयांसाठी वेगळी वाट ठेवलेली आहे. परंपरेने शिकलेला, नामवंत गुरूंचा शिष्य असलेला, आकाशवाणीची वरची श्रेणी मिळविलेला कलावंत पात्रता परीक्षेवाचूनही सहायक प्राध्यापक होऊ शकतो. ही तरतूद योग्यच आहे. तबला परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत वाजत नाही हे नियम करणाऱ्यांना कळलेले आहे. मात्र आकाशवाणीवर गाणाऱ्यासाठी जी वाट आहे ती आकाशवाणीसाठी बातमी आणणाऱ्याला नाही. वृत्तविद्या हीदेखील हाताने, कानाने आणि पायाने शिकण्याची विद्या आहे, हे मान्य व्हायचे अजून बाकी आहे.

याचा अर्थ पीएच.डी. निरुपयोगी आहे असा मुळीच नाही. केवळ कारागिराच्या हाती विभाग दिला तर तो कचेरीतील रूढी हेच शास्त्र म्हणून शिकवितो. पोलिसांनी दिलेली माहिती तपासल्यावाचून छापणे, अधिकाऱ्याच्या पत्रकाला बातमी म्हणणे, खेड्यात पूर आला तरच जाणे, या साऱ्या रूढीच आहेत. त्या रूढींकडे दुरून पाहणारा, मालकी आणि मजकूर यांचा संबंध आकड्यांनी दाखवून देणारा अभ्यासक विभागात हवाच. २०२१ पासून विद्यापीठीय विभागांत पीएच.डी. सक्तीची करण्याचे ठरले होते. ती सक्ती आधी पुढे ढकलली गेली आणि २०२३ मध्ये मागे घेतली गेली. हा निर्णय योग्यच होता, पण त्यामुळे कोष्टकातील ३० गुण हलले नाहीत.

बातमीदारांना विभागात आणण्यासाठी आयोगाने २०२२ मध्ये ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ ही योजना काढली. किमान पंधरा वर्षांचा व्यावसायिक अनुभव असलेल्या व्यक्तीला पीएच.डी.वाचून अध्यापनासाठी बोलाविता येते. अशा व्यक्तींची संख्या मंजूर पदांच्या १० टक्क्यांपलीकडे नसावी आणि त्यांचा कालावधी सामान्यतः तीन वर्षांपर्यंत, अपवादाने चार वर्षांपर्यंत असावा, असे बंधन आहे. योजना वरकरणी यवतमाळच्या त्या बातमीदार बाईसाठीच केल्यासारखी दिसते. तिच्या अटी मात्र नीट वाचल्या पाहिजेत. या व्यक्तींचे मानधन तीन मार्गांनी देता येते: उद्योगाच्या पैशातून, संस्थेच्या स्वतःच्या निधीतून, किंवा ते मानसेवी असू शकतात. विद्यापीठाच्या तिजोरीत खडखडाट असला म्हणजे पहिला मार्ग आपोआप पुढे येतो. अभियांत्रिकीच्या विभागात कारखान्याने शिक्षक दिला तर त्यात फारसे वावगे नसेलही. पण वृत्तविद्येच्या विभागात ‘उद्योग’ म्हणजे कोण? वृत्तपत्रांचे आणि वाहिन्यांचे मालक. मालकाच्या पैशाने नेमलेल्या शिक्षकाने मालकीच्या केंद्रीकरणावर व्याख्यान द्यावे, जाहिरातदाराच्या दबावाखाली गाळलेल्या बातम्यांची उदाहरणे वर्गात मांडावीत, ही अपेक्षा कोणी करावी? मानसेवी शिक्षकाची गोष्टही वेगळी नाही. ज्याला पगारावाचून चालते तोच विनावेतन शिकवू शकतो, आणि जिल्ह्याच्या गावी तुटपुंज्या मानधनावर आयुष्य काढलेल्या बातमीदाराला ते परवडत नाही.

पण या साऱ्याहून मोठा प्रश्न ज्या नेमणुका होतच नाहीत त्यांचा आहे. महाराष्ट्रातील विद्यापीठांत आणि महाविद्यालयांत वर्षानुवर्षे पदे रिक्त ठेवून काम तासिका तत्त्वावर भागविले जाते. तासिका तत्त्व याचा अर्थ, जेवढे तास शिकविले तेवढ्यांचे पैसे. सुट्टीचे नाहीत, परीक्षेच्या काळातील नाहीत, विद्यार्थ्याची बातमी घरी नेऊन रात्री तपासली त्या वेळेचे तर नाहीतच. २०१८ च्या नियमावलीने कंत्राटी नेमणुकांवर एकूण पदांच्या १० टक्क्यांची मर्यादा घातली होती आणि कंत्राटी शिक्षकाचे वेतन नियमित सहायक प्राध्यापकाच्या मासिक वेतनाहून कमी नसावे असेही म्हटले होते. जानेवारी २०२५ मध्ये आयोगाने जो नवा मसुदा जाहीर केला त्यात ही मर्यादाच वगळली होती. मोडल्या जाणाऱ्या नियमाची अंमलबजावणी करण्याऐवजी नियमच काढून टाकण्याचा हा विचार होता.

इतिहासाच्या किंवा गणिताच्या शिक्षकावर अशा अटीने अन्याय होतोच. वृत्तविद्येच्या बाबतीत या अन्यायाला आणखी एक परिमाण आहे. ज्याची नेमणूक दर सत्राच्या अखेरीस संपते आणि पुढच्या सत्रात विभागप्रमुखाच्या मर्जीने पुन्हा होते, तो शिक्षक विद्यार्थ्यांना कुलगुरूंच्या पत्रकार परिषदेत अडचणीचा प्रश्न विचारायला लावील काय? विद्यापीठाच्या वसतिगृहातील पाण्याची बातमी विभागाच्या प्रायोगिक अंकात छापू देईल काय? तो छापू देणार नाही, आणि त्याला दोष देण्याचा अधिकार कायम पगार घेणाऱ्या कोणालाही नाही. मात्र समोरच्या वर्गाला त्याच्या मौनाचा अर्थ कळतो. सत्याचा आग्रह धरावा हे पुस्तकात लिहिलेले आहे, पण पोट सांभाळायचे असेल तर गप्प बसावे, हा धडा विद्यार्थी शिक्षकाकडे पाहून शिकतात. फर्ग्युसनच्या प्राचार्यांना आपल्या नावाने अग्रलेख लिहिता येत होता. त्यानंतर सव्वाशेहून अधिक वर्षांनी तासिका तत्त्वावरील शिक्षकाला आपल्या विद्यार्थ्याची बातमी छापतानाही मागे वळून पाहावे लागते.

यानंतरचा प्रश्न प्रतिनिधित्वाचा. १९९६ मध्ये बी. एन. उनियाल या पत्रकाराने दिल्लीत दलित पत्रकाराचा शोध घेतला. त्याला एकही सापडला नाही आणि त्याने तसे लिहिले. दहा वर्षांनी, २००६ मध्ये, अनिल चमडिया, जितेंद्र कुमार आणि योगेंद्र यादव यांनी दिल्लीतील राष्ट्रीय माध्यमांमधील निर्णय घेणाऱ्या ३१५ वरिष्ठ पत्रकारांची पाहणी केली. त्यांत एकही दलित किंवा आदिवासी आढळला नाही. खासगी वृत्तसंस्थांत आरक्षण नाही. तेथे शिरण्याची वाट ओळखीची आणि शिक्षणाची. ओळख ज्याच्याजवळ नाही त्याला शिक्षणाचाच आधार. म्हणून विद्यापीठाचा विभाग हे त्या बंद वाड्याचे एक दार आहे आणि त्या दारात उभा असलेला शिक्षक कोण, याला महत्त्व आहे.

या संदर्भात बिंदुनामावलीचा वाद आठवावा. आरक्षणाची गणना संपूर्ण विद्यापीठ एकक धरून करायची की प्रत्येक विभाग वेगळा धरून, असा तो वाद होता. अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निर्णयानंतर आयोगाने मार्च २०१८ मध्ये विभाग हे एकक ठरविले. त्या पद्धतीत इतर मागास वर्गाची पहिली जागा चौथ्या क्रमांकावर, अनुसूचित जातीची सातव्या आणि अनुसूचित जमातीची चौदाव्या क्रमांकावर येते. मराठीच्या किंवा रसायनशास्त्राच्या मोठ्या विभागाला याची झळ काहीशी कमी बसते. संज्ञापन विभागात मात्र मंजूर पदेच अनेकदा तीन किंवा चार असतात. तेथे अनुसूचित जातीच्या उमेदवाराची पाळी एका पिढीत येईलच असे नाही, आणि जमातीच्या उमेदवाराची येण्याचा संभव नाही. देशभर आंदोलन झाले, मार्च २०१९ मध्ये अध्यादेश निघाला आणि त्याच वर्षी केंद्रीय संस्थांसाठी कायदा होऊन विद्यापीठ हे एकक पुन्हा मान्य झाले. महाराष्ट्रानेही २०२१ मध्ये राज्यातील शैक्षणिक संस्थांसाठी कायदा केला. लढा जिंकला गेला. पण पद भरलेच नाही तर बिंदुनामावली कागदावरच राहते. पद भरण्यासाठी मुलाखती झाल्या आणि शेवटी ‘योग्य उमेदवार आढळला नाही’ असा शेरा पडला, तर तो शेरा कोणत्या कारणास्तव पडला हे कोणालाही कळत नाही.

२०१८ च्या नियमावलीत आधी सांगितलेले कोष्टक केवळ छाननीपुरते आहे. अंतिम निवड मुलाखतीवरच होते. निवड समितीत कुलगुरू, कुलपतींचा प्रतिनिधी, तीन विषयतज्ज्ञ, अधिष्ठाता आणि विभागप्रमुख असतात. बंद दाराआड पंधरा-वीस मिनिटांत एका माणसाच्या तीस वर्षांचा निर्णय होतो. या पद्धतीत वशिल्याला वाव आहे अशी तक्रार सार्वत्रिक असल्यामुळे २०२५ मध्ये महाराष्ट्रात मुलाखतीपेक्षा शैक्षणिक आणि संशोधनविषयक गुणांना अधिक वजन देण्याची पद्धत आखण्यात आली. वशिल्याला आळा घालण्याचा हेतू चांगलाच आहे. परंतु कोष्टक तेच ठेवून त्याचे वजन वाढविले, तर ज्या अनुभवाला कोष्टकात रकानाच नाही तो अधिकच बाहेर फेकला जातो. मनमानीवरील उपाय पारदर्शकता आहे. तिच्या जागी आंधळे गणित बसविल्याने न्याय होत नाही.

मग करावे काय? मागण्या फार नाहीत आणि कोणतीही अशक्य नाही. पहिली अशी की, संज्ञापन विभागातील मंजूर पदे पूर्णवेळ आणि कायम स्वरूपात भरली जावीत. तासिका तत्त्व हे रजेवरील शिक्षकाच्या जागेपुरतेच असावे. दुसरी, संगीत आणि नाट्य यांप्रमाणे वृत्तविद्येसाठीही नियमांत वेगळी वाट असावी. उमेदवाराने प्रसिद्ध केलेल्या शोधबातम्या, वृत्तमालिका, ध्वनिचित्रफिती यांचे मूल्यमापन विषयतज्ज्ञांनी लेखी करावे आणि त्याला संशोधनाच्या तोडीचे गुण असावेत. तिसरी, विभागातील काही पदे अभ्यासकांची आणि काही व्यावसायिकांची असे जाहिरातीतच स्पष्ट करावे, म्हणजे एकाला दुसऱ्याच्या फुटपट्टीने मोजण्याचा प्रसंग येणार नाही. चौथी, मुलाखतीबरोबर प्रत्येक उमेदवाराने विद्यार्थ्यांसमोर एक पाठ द्यावा, आणि मराठी वृत्तपत्रांसाठी बातमीदार घडविणाऱ्या विभागात तो मराठीत द्यावा. पाचवी, ‘योग्य उमेदवार आढळला नाही’ असा शेरा मारणाऱ्या समितीने त्याची कारणे लेखी नोंदवून प्रसिद्ध करावीत. सहावी, वृत्तपत्र किंवा वाहिनीच्या मालकाच्या पैशाने वृत्तविद्येच्या विभागात कोणाचीही नेमणूक होऊ नये.

या मागण्या कुलगुरूंना निवेदन देऊन मान्य होतील असा भ्रम बाळगण्याचे कारण नाही. त्यासाठी शिक्षकांच्या संघटनांनी तासिका तत्त्वावरील सहकाऱ्यांचा प्रश्न आपला मानला पाहिजे. कायम शिक्षकांनी वेतन आयोगासाठी जेवढा जोर लावला त्याच्या निम्म्यानेही हा प्रश्न पुढे सरकेल. पत्रकारांच्या संघटनांनीही विभागात कोण शिकवितो याची विचारपूस केली पाहिजे, कारण उद्या त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसणारा तेथूनच येणार आहे.

आणि विद्यार्थ्यांना एक काम आजच करता येण्यासारखे आहे. वृत्तविद्येच्या प्रत्येक विभागात पहिल्या सत्रात बातमी मिळविण्याचा सराव करून घेतात. त्या सरावासाठी दूर जाण्याची गरज नाही. माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ पासून अस्तित्वात आहे. आपल्या विभागात मंजूर पदे किती, भरलेली किती, रिक्त कधीपासून, मागच्या मुलाखतींत किती उमेदवार आले आणि कोणाचीच निवड का झाली नाही, एवढे पाच प्रश्न साध्या कागदावर लिहून विद्यापीठाच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे द्यावेत. कायद्याने तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. जे उत्तर येईल, किंवा येणार नाही, त्याची बातमी लिहून प्रायोगिक अंकाच्या पहिल्या पानावर छापावी. ती तपासून देण्याची हिंमत विभागातील कोणत्या शिक्षकाजवळ आहे आणि कोणाजवळ ती असणे शक्यच नाही, हेही त्याच वेळी कळून येईल.